बार्जीचे मेस्त

आपल्या गोव्यातल्या मराठी घरांच्या आठवणींत खाण येते, बंदर येतं. बार्ज दुरुस्तीवर कुणी लिहीत नाही, म्हणून हे.

वास्कोची गोवा शिपयार्ड १९५७ सालची, पोर्तुगीज अमदानीतली. आमचे बाबा मात्र मालवणहून आले ते नदीकाठच्या एका खासगी यार्डात. पावसाळ्यात मांडवीचं आग्वादकडचं तोंड बंद, खनिज थंड, मग बार्जी स्लिपवेवर चढत. लोक घरी बसत तेव्हा आमच्याकडे ओव्हरटाइम! बाबा एका मेस्तांच्या हाताखाली शिकले. तळाच्या पत्र्यावर हातोडा मारायचा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला की खडूची खूण. तेवढा पत्रा कापून नवा जोडायचा.

मी आयटीआय करून तिथंच अप्रेंटिस लागलो. माझ्या हातात जाडी मोजायचं यंत्र. आकडा बहुतेक वेळा बाबांच्या खडूशीच जुळायचा. तरी हजेरीपटावर ते शेवटपर्यंत 'हेल्पर'. कागद नव्हता ना!

२०१२ ला खाणी बंद झाल्या, बार्जी नदीत उभ्या-उभ्या गंजल्या. मी सर्टिफिकेटावर दुबई गाठली. बाबांना पुढच्या जूनमध्ये यार्डानं बोलावलंच नाही. सकाळी डबा भरायची सवय आईची काही दिवस सुटली नाही.

कुणाकडे त्या मेस्त लोकांचे फोटो असतील तर खाली टाका.