आंतरकार्यालयीन कूटबद्ध खासगी जाळे

दोन किंवा अधिक कार्यालयांची अंतर्गत संगणकजाळी सार्वजनिक इंटरनेटवरूनच, पण वाटेत कोणालाही मजकूर वाचता वा बदलता येणार नाही अशा रीतीने जोडण्याची व्यवस्था. व्यवहारात तिला ‘साइट-टू-साइट व्हीपीएन’ म्हणतात. मजकूर कूटबद्ध करणे आणि तो पुन्हा उलगडणे ही दोन्ही कामे कार्यालयाच्या इंटरनेट जोडणीच्या तोंडाशी बसवलेला राउटर किंवा फायरवॉल, म्हणजेच गेटवे, करीत असल्यामुळे प्रत्येक संगणकावर वेगळे सॉफ्टवेअर बसवावे लागत नाही.

या व्यवस्थेची गरज दूरवर पसरलेल्या संस्थांना विशेष भासते. मुंबईतील परळच्या टाटा मेमोरियल सेंटरची वाराणसीत दोन रुग्णालये आहेत : लहरतारा येथील होमी भाभा कर्करोग रुग्णालय आणि बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारातील, १९ फेब्रुवारी २०१९ रोजी उद्घाटन झालेले महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्र. अशा अंतरावर रुग्णाचा अहवाल पाठवायचा तर तो अनेक परक्या उपकरणांतून जातो. स्वतंत्र लीज्ड लाइन घेतली, तरी भाड्याची वाट म्हणजे कूटबद्ध वाट नव्हे, हे पुष्कळदा विसरले जाते.

या जोडणीसाठी सर्वाधिक रूढ असलेल्या ‘आयपीसेक’ या मानकाचे पहिले दस्तऐवज ऑगस्ट १९९५ मध्ये, म्हणजे विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले त्याच महिन्यात, प्रसिद्ध झाले. प्रथम दोन्ही गेटवे परस्परांची ओळख पटवतात आणि १९७६ साली डिफी व हेलमन यांनी मांडलेल्या पद्धतीने, गुपित वाटेवर न पाठवताच, समान किल्ली तयार करतात. या वाटाघाटीच्या नियमावलीस ‘आयके’ म्हणतात. त्यानंतर माहितीचे मूळ पाकीट (पॅकेट), त्यावरील अंतर्गत पत्त्यांसह, कूटबद्ध होऊन नव्या पाकिटात बंद केले जाते. मोहोरबंद लखोटा दुसऱ्या लखोट्यात घालावा तशी ही रचना असून बाहेरून फक्त दोन गेटवेंचे पत्ते दिसतात. या वाटेला ‘टनेल’ म्हणतात.

प्रत्यक्ष उभारणीत मात्र कूटलेखनापेक्षा पत्त्यांची आखणीच अधिक अडवते, म्हणून ती सर्वांत आधी करावी. पुष्कळ राउटर कारखान्यातूनच १९२.१६८.१.० ही पत्तामालिका घेऊन येतात. ती दोन्ही कार्यालयांत तशीच राहिली, तर परळचा संगणक वाराणसीचे यंत्र स्वतःच्याच कार्यालयात शोधत बसतो आणि पाकीट टनेलपर्यंत पोहोचतच नाही; एकीकडे १०.२०.०.० व दुसरीकडे १०.३०.०.० अशी विभागणी केली की हा घोळ मिटतो. दुसरी अडचण स्वस्त ब्रॉडबँडची. अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून दिलेला असेल, तर त्या शाखेला बाहेरून हाक मारता येत नाही. अशा वेळी टनेलची सुरुवात शाखेच्या गेटवेनेच करावी लागते आणि वाहतूक यूडीपीच्या ४५०० क्रमांकाच्या पोर्टवरून जाते. तिसरी अडचण फसवी असते : टनेल सुरू दिसतो, पिंगला उत्तर येते, रुग्णांची यादी उघडते, पण स्कॅनची मोठी फाइल अडकते. १५०० बाइटांच्या पाकिटावर कूटबद्धीकरणाचा भार चढल्याने ते वाटेत मावत नाही. यावर टीसीपीच्या तुकड्याचा आकार सुमारे १३६० बाइटांवर बांधून देणे हा नेहमीचा उपाय होय.

गेटवेंची ओळख पटवण्यासाठी दोन्ही टोकांना टंकायची सामायिक किल्ली व्हॉट्सॲपवरून पाठवली, तर पुढची सारी कडेकोट व्यवस्था व्यर्थ ठरते. शाखा वाढल्यावर या किल्लीऐवजी डिजिटल प्रमाणपत्रे वापरणेच श्रेयस्कर. मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत दाखल झालेल्या ‘वायरगार्ड’ या आयपीसेकला पर्यायी व्हीपीएन पद्धतीत कूटपद्धती ठरलेल्याच असल्याने दोन टोकांच्या मांडणीतली तफावत, जी आयपीसेकमध्ये वारंवार टनेल अडवते, फारशी उद्भवत नाही.

भारतात सर्ट-इन या शासकीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी व्हीपीएन सेवा पुरवणाऱ्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षे जतन करण्याचा आदेश दिला. तो सर्वसामान्य ग्राहकांना सेवा देणाऱ्यांसाठी असून संस्थांच्या अंतर्गत व्हीपीएनला लागू नाही, असा खुलासा नंतर करण्यात आला.