माग

आज घरात चोरी झाली की माणसे पोलीसचौकीची वाट धरतात. दोनशे वर्षांपूर्वी दख्खनच्या खेड्यात ती पाटलाच्या दारी जात, आणि पाटील जागल्याला हाक मारी. हा जागल्या कुठे रामोशी, कुठे महार, तर कुठे भिल्ल असे. रात्रीची गस्त हे त्याचे त्यातल्या त्यात सोपे काम. गावात परका कोण उतरला, कोण कधी बाहेरगावी गेला, घरोघरच्या माणसांची चालचलणूक कशी, हे सारे त्याला ठाऊक असावे लागे. दप्तर म्हणाल तर त्याचे डोके!

धुळीत चोराचे पाऊल दिसले की तो त्याचे नेमके माप घेई आणि शिवेपर्यंत चालत जाई. हेच माग काढणे. माग पुढच्या गावात शिरला की शोधाचे काम तिथल्या जागल्याच्या गळ्यात पडे. शेवटी ज्या गावात माग थांबे, त्या गावाने चोरीची भरपाई करायची. आधी जागल्याने ऐपतीप्रमाणे, उरलेली गावावर पट्टी बसवून. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात ही रीत नोंदवली आहे. मला तीत न्यायापेक्षा गावची सोयच अधिक दिसते. निजलेल्यांच्या आधी जागणाऱ्याने भरायचे!

पेशवाईच्या अखेरीस आणि पुढे इंग्रजी अंमलात पुरंदरच्या रामोशांच्या हातून किल्ल्याची राखण गेली. त्यांच्यातल्याच उमाजी नाईकाने बंड केले. माग काढणाऱ्यांच्या कुळातल्या या माणसाचा माग लागावा म्हणून सरकारला इनाम लावावे लागले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी दिले.