सांध्यातील गंज : एक ऐतिहासिक टिपण

लोखंडावर गंज ‘चढतो’ असे मराठीत म्हणतात. या क्रियापदात बाहेरून येऊन बसणाऱ्या थराची कल्पना आहे. मोटारीच्या सांध्यांपुरती ती फसवी आहे. कारण दोन पत्रे एकमेकांवर ठेवून जेथे जोडलेले असतात तेथे गंज आत जन्मतो आणि रंगाला फुगवटा येईपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही.

आरंभीच्या मोटारींच्या बॉड्या घोडागाडीप्रमाणे लाकडी चौकटीवर घडवीत. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड याने सर्वस्वी पोलादी बॉडीचा पुरस्कार केला व १९१४ मध्ये डॉज बंधूंनी ती स्वीकारली. १९३४ च्या सित्रोएन ‘त्राक्सियाँ आव्हाँ’ने वेगळी चासी काढून बॉडीवरच सर्व भार सोपविला. गाडी हलकी व मजबूत झाली खरी. परंतु स्पॉट-वेल्डिंगने ठिपक्यांपुरताच पत्रा जुळतो, मधली फट तशीच राहते. शिवाय आता दाराखालची पोकळ पट्टी गंजणे हा केवळ शोभेचा प्रश्न राहिला नाही.

या फटीचे रहस्य केंब्रिजचे यू. आर. इव्हान्स यांनी १९२० नंतरच्या दशकात उलगडले. खाऱ्या पाण्याचा थेंब लोखंडावर ठेवला असता प्राणवायू विपुल असलेल्या कडेशी नव्हे, तर तो तुटपुंजा असलेल्या मध्यभागी धातू विरघळतो, हे त्यांनी दाखविले. सांध्यातील ओल म्हणजे असाच झाकलेला मध्यभाग होय. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मिठाचा वापर वाढत गेला आणि या क्रियेस वेग आला. गंज मूळ लोखंडाहून पुष्कळ अधिक जागा व्यापतो. तो पाचरीप्रमाणे पत्रे दूर सारतो व आणखी पाण्यास वाट करून देतो.

उपायही नवा नव्हता. स्वतः झिजून लोखंडास राखणाऱ्या जस्ताच्या लेपाचे पेटंट सोरेल या फ्रेंच अभियंत्याने १८३७ मध्येच घेतले होते. तरीही पोर्शने ‘९११’ची बॉडी जस्तलेपित पत्र्याची केली ती १९७५ मध्ये, आणि ऑडीने ‘१००’ची संपूर्ण बॉडी तशी केली ती १९८५ मध्ये. जस्तामुळे वेल्डिंगची तांब्याची टोके लवकर खराब होतात व खर्च वाढतो, ही अडचण खरी. पण एवढ्या विलंबाचे ते पुरेसे समर्थन वाटत नाही.

दुरुस्तीच्या शाळेत तर जुनीच चूक गिरविली गेली. कुजलेल्या पत्र्यावर लांबी भरणे किंवा नवा तुकडा वरून डकविणे म्हणजे आणखी एक फट निर्माण करणे. कुजका भाग चकचकीत धातू लागेपर्यंत कापावा, जोडावयाच्या पृष्ठांस वेल्डिंगपूर्वी जस्तयुक्त प्रायमर द्यावा, जोडानंतर सांधा सीलंटने बुजवावा आणि शेवटी पोकळीत पातळ मेण फवारावे. हा क्रम मोडल्यास, उदाहरणार्थ मेण आधी भरल्यास, वेल्डिंगच्या उष्णतेने ते पेट घेते. पोकळ्यांच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी कारखान्याने ठेवलेली छिद्रेही मोकळी राहिली पाहिजेत. गाडीच्या तळाला जाड डांबरी लेप देताना नेमकी हीच पुष्कळदा बुजविली जातात.