पडदा-चित्रमुद्रण, संगणकीय

संगणकाच्या पडद्यावर घडणाऱ्या क्रिया जशा घडतात तशाच, कालक्रमाने व आवश्यक तेथे ध्वनीसह, पुन्हा पाहता येईल अशा चलच्चित्राच्या रूपात साठवून ठेवण्याच्या प्रक्रियेस पडदा-चित्रमुद्रण असे म्हणतात. व्यवहारात ‘स्क्रीन रेकॉर्डिंग’ हेच नाव अधिक रूढ आहे. एखादी आज्ञावली कशी वापरावी हे शिकविणे, यंत्रातील दोष दुरुस्ती करणाऱ्यास दाखविणे, व्याख्यान जतन करणे, संगणकीय खेळातील डाव इतरांस दाखविणे इ. अनेक कारणांसाठी त्याचा उपयोग होतो.

हे काम करणारे साधन आता बहुतेक संगणकांच्या परिचालन प्रणालीतच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिममध्येच, अंतर्भूत असते. त्यासाठी निराळी आज्ञावली मिळवून बसवावी लागत नाही. विंडोज ११ मध्ये विंडोज-शिफ्ट-आर, मॅक संगणकावर शिफ्ट-कमांड-५ आणि लिनक्सवरील ग्नोम या वातावरणात कंट्रोल-शिफ्ट-ऑल्ट-आर या कळा एकदम दाबल्या असता ते उघडते. ही सोय आज इतकी सहज वाटते, की ती संगणकाबरोबरच जन्मास आली असावी असा समज होतो. वस्तुतः व्यक्तिगत संगणक घरोघरी पोहोचू लागल्यानंतरही ती प्रणालीत येण्यास पंचवीसहून अधिक वर्षे लागली. या विलंबामागे केवळ तांत्रिक अडचणी नव्हत्या. पडद्यावरील चित्र नेमके कोणाच्या ताब्यात असते व ते पाहण्याची मुभा कोणी कोणास द्यावयाची, हा प्रश्नही त्यात गुंतलेला होता.

प्रारंभीचे प्रयत्न : पडद्यावरील दृश्य टिपण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे पडद्यासमोर कॅमेरा ठेवणे हा होय. अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळांमध्ये एडवर्ड झेजॅक यांनी १९६३ मध्ये पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहाची स्थिती कशी बदलते हे दाखविणारा एक लघुपट संगणकाच्या साहाय्याने तयार केला. त्यात संगणकाच्या आज्ञेनुसार ऋण किरण नलिकेवर उमटणारी एकेक आकृती कॅमेऱ्याने सूक्ष्मपटावर घेतली जाई. येथे पडदा हा मनुष्याने पाहावयाचा नसून केवळ कॅमेऱ्याने पाहावयाचा होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मनुष्य व संगणक यांच्यातील प्रत्यक्ष देवघेव टिपणारा प्रयोग म्हणून डग्लस एंगलबार्ट (१९२५–२०१३) यांचे ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथे झालेले सु. ९० मिनिटांचे प्रात्यक्षिक प्रसिद्ध आहे. माउस, चौकटींत विभागलेला पडदा, दुवे जोडलेला मजकूर इ. गोष्टी त्यात उपस्थितांनी प्रथमच पाहिल्या. संगणक तेथून सु. ५० किमी. दूर मेन्लो पार्क येथे होता. तेथील लहान ऋण किरण नलिकांवर उमटणारी चित्रे दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांनी टिपून सूक्ष्मतरंगांद्वारे सभागृहात आणली गेली व मोठ्या पडद्यावर प्रक्षेपित करण्यात आली. हा कार्यक्रम चित्रित करून ठेवल्यामुळेच आज तो पाहता येतो. चित्रण मात्र संगणकाने केलेले नव्हते. स्वतःच्या पडद्यावर काय चालले आहे याची नोंद ठेवण्याचे सामर्थ्य त्या यंत्राच्या ठायी नव्हते.

संगणकाने स्वतःच ठेवलेली पडद्याची नोंद प्रथम दिसते ती अक्षरांच्या रूपात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत विकसित झालेल्या युनिक्स प्रणालीच्या १९७९ च्या आवृत्तीत ‘स्क्रिप्ट’ नावाची आज्ञा अंतर्भूत होती. ती दिल्यापासून वापरणाऱ्याने टंकलेले व यंत्राने दिलेले सर्व उत्तर एका धारिकेत उतरत राही. विद्यार्थ्याने केलेले काम शिक्षकास जसेच्या तसे दाखविण्यासाठी ती उपयुक्त ठरे. युनिक्सच्या परंपरेतील प्रणालींत ही आज्ञा आजही आढळते. बाहेरून काहीही न बसविता पडद्याची नोंद करणारे ते पहिल्या साधनांपैकी एक होय. परंतु चित्र नसल्याने या इतिहासात तिचा उल्लेख क्वचितच होतो, हे अन्यायाचे आहे. आयबीएमच्या १९८१ च्या व्यक्तिगत संगणकावरील ‘प्रिंट स्क्रीन’ ही कळ नावाप्रमाणेच पडद्यावरील मजकूर मुद्रकाकडे धाडीत असे. पुढे मुद्रकाचा संबंध सुटला, कळेचे नाव मात्र राहिले. विंडोज ३.० (१९९०) बरोबर ‘रेकॉर्डर’ नावाची एक आज्ञावली येई. परंतु ती चित्र न टिपता कळांचे व माउसच्या हालचालींचे अनुक्रम साठवी आणि नंतर त्याच क्रिया पुन्हा करून दाखवी. मध्यंतरी एखादी चौकट जागेवरून हलली असेल, तर माउस भलत्याच ठिकाणी जाई. विंडोज ९५ मध्ये ही सोय वगळण्यात आली.

चित्राच्या आकारमानाची अडचण : चलच्चित्र साठविण्यातील मुख्य अडचण साध्या गणिताने स्पष्ट होते. ६४० × ४८० चित्रबिंदूंच्या व २५६ रंगांच्या पडद्याचे एक चित्र ३,०७,२०० बाइट जागा घेते. सेकंदास दहाच चित्रे घेतली, तरी दर सेकंदास ३० लाखांहून अधिक बाइट साठवावे लागतात. १९९० च्या सुमारास घरगुती संगणकात असे ती चार-पाच कोटी बाइटांची तबकडी या हिशेबाने सु. पंधरा सेकंदांत भरून गेली असती. १९२० × १०८० चित्रबिंदूंच्या आजच्या पडद्यावर पूर्ण रंगांत, सेकंदास ३० चित्रे या वेगाने हाच आकडा दर सेकंदास सु. १८.७ कोटी बाइटांवर जातो. म्हणून संपीडनावाचून, म्हणजे चित्रातील पुनरुक्ती काढून टाकून ते लहान केल्यावाचून, गत्यंतर नव्हते. पडद्याचे चित्र या कामास अनुकूलही आहे. चित्रपटात पाने हलतात, प्रकाश पालटतो; संगणकाच्या पडद्यावर मात्र बराच काळ एक बाण सरकतो आणि चार अक्षरे उमटतात, बाकी सर्व स्थिर असते. तेव्हा जो भाग बदलला तेवढाच साठविला, तरी पुरते.

या तत्त्वावर १९९० नंतरच्या दशकात स्वतंत्र आज्ञावल्या विक्रीस आल्या. लोटसची ‘स्क्रीनकॅम’, ‘हायपरकॅम’ आणि नंतरची ‘कॅम्टेशिया’ या त्यांतील प्रमुख. मायक्रोसॉफ्टने ऑफिस ९७ च्या तबकडीवर ‘कॅमकॉर्डर’ नावाचे असेच एक साधन दिले होते. परंतु ते परिचालन प्रणालीचा भाग नव्हते. २००५ मध्ये यूट्यूब सुरू झाल्यावर अशा चित्रफितींना मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला. त्या काळच्या असंख्य फितींच्या कोपऱ्यात ‘हायपरकॅम’ची ही प्रत नोंदणी न केलेली आहे, अशी ओळ दिसते. आज्ञावली विकत घेणे अनेकांना परवडत नव्हते, याचा हा अनवधानाने राहिलेला पुरावाच म्हणावयाचा. अशा शैक्षणिक चित्रफितींस ‘स्क्रीनकास्ट’ हे नाव २००४ मध्ये मिळाले. पत्रकार जॉन उडेल यांनी वाचकांकडून सुचविण्या मागवून ते निवडले होते.

भारतातील या प्रकारच्या प्रयत्नांत मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प विशेष उल्लेखनीय आहे. कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली व केंद्र शासनाच्या अर्थसाहाय्याने चाललेल्या या प्रकल्पात मुक्त आज्ञावल्यांचे शिक्षण सु. दहा-दहा मिनिटांच्या पडदा-चित्रफितींतून दिले जाते. प्रथम संहिता लिहावयाची, तीनुसार पडद्यावरील क्रिया मुद्रित करावयाच्या आणि मग त्याच चित्रावर मराठीसह निरनिराळ्या भारतीय भाषांतील निवेदन चढवावयाचे, अशी त्याची पद्धती आहे. शिकणाऱ्याने पडद्याच्या एका बाजूस फीत व दुसऱ्या बाजूस ती आज्ञावली उघडून पाहत-पाहत करावयाचे असते. शिक्षकाविना शिकता यावे हा त्यातील हेतू. चित्र व ध्वनी वेगळे करता येतात या साध्या गोष्टीचा बहुभाषिक देशात किती उपयोग होतो, हे यावरून कळते. मुद्रणासाठी लिनक्सवर ‘रेकॉर्ड-माय-डेस्कटॉप’ सारखी मोफत पण वेगळी बसवावी लागणारी आज्ञावलीच तेव्हा वापरावी लागे, कारण प्रणालीत तशी सोय नव्हती.

प्रणालीत अंतर्भाव : स्वतंत्र आज्ञावल्यांची एक अंगभूत मर्यादा होती. त्या काळी प्रत्येक आज्ञावली पडद्याचा आपापला भाग परस्पर रंगवीत असे आणि मुद्रण करणारी आज्ञावली तयार झालेले चित्र वरच्या वर वाचून घेई. पडद्यावर चित्रपट चालू असल्यास तो बहुधा आलेखन-यंत्रणेकडून अगदी शेवटच्या टप्प्यावर स्वतंत्रपणे वर चढविला जाई. परिणामी मुद्रित फितीत त्या जागी नुसता काळा चौकोन येई. मॅक ओएस एक्स (२००१) व विंडोज व्हिस्टा (२००७) यांनी ही रचना बदलली. प्रत्येक चौकट आपले चित्र स्मृतीत वेगळे काढते आणि परिचालन प्रणाली त्या सर्वांची जुळणी करून अंतिम चित्र पडद्यावर मांडते, अशी नवी व्यवस्था आली. पारदर्शक कडा, छाया इ. शोभेसाठी हा बदल झाला, असेच त्या वेळी सर्वत्र बोलले गेले. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचा खरा परिणाम निराळा होता. पडद्यावरील संपूर्ण चित्र सदैव प्रणालीच्याच हाती असू लागले आणि ते साठविणे हे तिचे स्वाभाविक काम ठरले. २००३ मध्ये मान्य झालेले एच-२६४ हे संपीडनाचे मानक आणि त्यानुसार संकेतन करणारी मंडले प्रक्रियकातच बसविण्याची २०११ च्या सुमारास रूढ झालेली पद्धत यांमुळे संगणक मंद न होऊ देता मुद्रण करणे शक्य झाले.

अंतर्भूत साधनाचा पहिला ठळक टप्पा ऑगस्ट २००९ मध्ये आला. त्या महिन्यात प्रसिद्ध झालेल्या मॅकच्या ‘स्नो लेपर्ड’ आवृत्तीतील क्विकटाइम प्लेअरमध्ये पडदा-चित्रमुद्रण समाविष्ट होते. त्याच वर्षीच्या विंडोज ७ मध्ये मात्र ‘स्टेप्स रेकॉर्डर’ हे साधन आले. ते प्रत्येक टिचकीसरशी एक स्थिर चित्र घेई व त्याखाली क्रियेचे वर्णन लिही. टंकलेला मजकूर ते मुद्दाम नोंदवीत नसे. दोष कळविण्यास ते उत्तम होते, शिकविण्यास अपुरे. ग्नोम ३ मध्ये (२०११) कळा दाबताच मुद्रण सुरू होई व ते चालू असल्याची खूण म्हणून पडद्यावर तांबडा ठिपका दिसे.

विंडोज १० मधील (२०१५) सोय चमत्कारिक रीतीने आली. ‘गेम बार’ हे साधन खेळणाऱ्यांसाठी होते. प्रारंभी ते एखाद्या चौकटीवर उघडताना ‘होय, हा खेळ आहे’ अशा अर्थाच्या विधानापुढे खूण करावी लागे. हिशेबाचे तक्ते शिकविणाऱ्या शिक्षकासही आपला तक्ता हा खेळ असल्याचे मान्य केल्यावाचून पुढे जाता येत नसे. शिवाय ते एकाच आज्ञावलीची चौकट टिपे. संपूर्ण पडदा किंवा धारिकांची चौकट त्यास वर्ज्य होती. मार्च २०२० पासून महासाथीमुळे शाळा-महाविद्यालये बंद झाली, तेव्हा विंडोज वापरणाऱ्या शिक्षकांपाशी प्रणालीतील एवढेच साधन होते. मॅकवर २०१८ पासून शिफ्ट-कमांड-५ ची सोय होती. क्रोम ओएसमध्ये ती मार्च २०२१ मध्ये, तर विंडोज ११ च्या ‘स्निपिंग टूल’मध्ये २०२३ मध्ये आली. भ्रमणध्वनींत आयफोनने २०१७ मध्ये व अँड्रॉइडने २०२० मध्ये तिचा अंतर्भाव केला.

ध्वनीच्या बाबतीत प्रगती मागेच राहिली. मॅकवरील मूळ साधन मायक्रोफोनचा आवाज घेई, संगणकातून निघणारा आवाज घेत नसे. संगणकातील गीत किंवा चित्रपट यांची प्रत करणे सोपे होऊ नये, ही चिंता अशा निर्णयांत असावी असे मानण्यास जागा आहे.

अनुमतीचा प्रश्न : जुन्या व्यवस्थेत, विशेषतः लिनक्सवरील एक्स या चौकट-प्रणालीत, कोणतीही आज्ञावली अन्य चौकटींतील मजकूर न विचारता वाचू शकत असे. बँकेचा खातेक्रमांक अथवा खाजगी पत्रही त्यास अपवाद नव्हते. तिच्या जागी आलेल्या वेलँड या व्यवस्थेत ही वाट बंद करण्यात आली. वापरणाऱ्याने स्वतः संमती दिल्याशिवाय पडदा वाचता येत नाही. मॅक प्रणालीत २०१९ पासून मुद्रण करू पाहणाऱ्या बाहेरील आज्ञावलीस स्पष्ट अनुमती द्यावी लागते. अँड्रॉइडवर बँकांच्या आज्ञावल्या आपली चौकट मुद्रणास बंद असल्याची खूण प्रणालीस देऊ शकतात, व मग फितीत तेवढा भाग काळा येतो.

मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘रिकॉल’ नावाची योजना जाहीर केली. तीनुसार संगणक दर काही सेकंदांनी पडद्याचे चित्र आपण होऊन घेऊन साठविणार होता, म्हणजे मुद्रण सुरू करण्याची कळ वापरणाऱ्याने दाबण्याचीही गरज उरणार नव्हती. तीव्र टीका झाल्यामुळे ती जूनमध्ये लांबणीवर टाकण्यात आली आणि साठा सांकेतिक करणे, वापरणाऱ्याने स्वतः निवडली तरच ती चालू होणे, असे बदल करून एप्रिल २०२५ मध्ये काही विशिष्ट संगणकांवर उपलब्ध झाली. पुढच्याच महिन्यात संदेशवहनाच्या ‘सिग्नल’ या आज्ञावलीने विंडोजवरील आपली चौकट, चित्रपटांच्या संरक्षणासाठी केलेली खूण वापरून, अशा चित्रणापासून झाकून घेतली. मॅकच्या २०२४ मधील आवृत्तीत बाहेरील मुद्रण-आज्ञावल्यांची अनुमती चालू ठेवावी काय, असे वापरणाऱ्यास ठराविक काळाने पुन्हा विचारले जाऊ लागले. शिफ्ट-कमांड-५ ने उघडणाऱ्या प्रणालीच्या स्वतःच्या साधनाबाबत मात्र हा प्रश्न विचारला जात नाही.