यमुनेचा उतार

मराठी राज्याच्या मोहिमांचा मुहूर्त ज्योतिषी काढीत असले, तरी त्याची सनद नैर्ऋत्येच्या वाऱ्यांकडे होती. ज्येष्ठात पाऊस सह्याद्रीवर आदळला, की भीमा-गोदावरीचे उतार बंद होत, काळ्या जमिनीत घोड्यांचे खूर रुतत आणि फौजा छावणीस बसत. आश्विनात पाणी ओसरून खरिपाचे पीक दृष्टीस पडू लागले आणि दाणावैरणीची चिंता मिटली, म्हणजे दसऱ्यास सीमोल्लंघन करून मुलूखगिरीस कूच होई. दख्खनच्या नद्या पावसावरच जगणाऱ्या, पावसाबरोबर चढणाऱ्या आणि त्याच्यामागून लवकरच उतरणाऱ्या असल्यामुळे हा क्रम तेथे सहसा चुकत नसे.

चंबळेपलीकडे मात्र सृष्टीच निराळी होती. यमुना आणि गंगा हिमालयाच्या बर्फातून निघत असल्याने ऐन उन्हाळ्यातही त्यांचा प्रवाह खंडत नाही, आषाढ-श्रावणात पर्वतावरील पाऊस त्यात मिळतो, आणि तो पूर गाळाच्या सपाट मुलखात दूरवर पसरतो. शिवाय समुद्रापासून दूर असलेल्या त्या मैदानातील पौषाची थंडी देशावरच्या माणसास व घोड्यास सारखीच अपरिचित.

१७६० च्या मार्चमध्ये परतूरहून निघालेल्या सदाशिवरावभाऊंचा मनसुबा यमुना ओलांडून अंतर्वेदीत अब्दालीस गाठण्याचा होता, व त्यासाठी नावांची तजवीज करण्याविषयी गोविंदपंत बुंदेल्यांस आज्ञाही गेली होती. परंतु फौज यमुनेजवळ येते तोच नदी दुथडी भरली, आणि भाऊंनी दिल्लीकडे वळून ऑगस्टच्या आरंभी ती हस्तगत केली. इकडे, १७५७ मध्ये मथुरेच्या परिसरात उन्हाळ्याबरोबर पटकीची साथ येताच माघारी फिरलेला अब्दाली या खेपेस नजीबखानाच्या आग्रहावरून गंगाकाठी अनूपशहरास छावणी करून राहिला होता. एकाच नदीने दोघांस अडविले होते. फरक इतकाच, की अब्दालीच्या पाठीशी नजीबाचा पिकता मुलूख होता, आणि भाऊंच्या पाठीशी नर्मदेपर्यंत लांबलेला रस्ता.

१७ ऑक्टोबरला कुंजपुरा पडला आणि १९ तारखेस मराठ्यांनी तेथेच दसरा साजरा केला. पण दक्षिणेत जो ऋतू त्यांच्या फौजेला वाट मोकळी करून देई, त्यानेच येथे शत्रूला वाट दिली: यमुना उतरू लागताच, पाणी अजून धोक्याचे असतानाही, काही माणसे प्रवाहात गमावून अब्दाली बागपताजवळ अलीकडे आला आणि त्याने दिल्लीचा रस्ता तोडला. पुढे अडीच महिने पानिपतावर रसद आटत गेली. डिसेंबरात गोविंदपंत पडले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी फौजेस लढाई द्यावी लागली.

या पराभवाच्या कारणमीमांसेत सरदारांची दुही, रिकामा खजिना आणि बाजारबुणग्यांचा भार यांची झडती आजवर पुष्कळांनी घेतली आहे, आणि ती रास्तही आहे. तथापि हे दोष दक्षिणेतील मोहिमांतही कमीअधिक होतेच, आणि तेथे ते निभावून गेले, कारण नदी, हंगाम व रयत ही तिन्ही ओळखीची होती. पुढे महादजी शिंद्यांनी उत्तरेत येऊन-जाऊन मुलूखगिरी करण्याची रीत सोडली, मथुरेकडे ठाण मांडले आणि डी बॉयनच्या पलटणींचा खर्च अलीगढकडील जहागिरीच्या वसुलावर टाकला. म्हणजे ज्या अंतर्वेदीत फौजेचा दाणा पिकत होता, तिच्यातच फौज बारमाही राहू लागली, आणि तिला दसऱ्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही.