दौलताबादचा हौद आणि आपलं शहरदर्शन

औरंगाबाद स्टेशनच्या बाहेर पाय ठेवला की रिक्षावाले विचारतात, "मकबरा, पाणचक्की, दौलताबाद, वेरूळ... एका दिवसात सगळं दाखवतो." टूरवाल्या गाड्यांचा मार्गही हाच. शहराचं अधिकृत नाव आता छत्रपती संभाजीनगर झालं, पण फिरण्याचा मार्ग बदलला नाही. या मार्गात मिलिंद महाविद्यालय नाही. विद्यापीठाचं गेट नाही. मकबऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरवर असलेल्या बुद्ध लेण्या "वेळ उरला तर".

आपली पोरं याच शहरात येतात ती १४ जानेवारीला. गेटवर नतमस्तक होतात, घोषणा देतात, पुस्तकांच्या स्टॉलवर दोन पुस्तकं घेतात आणि रात्रीच्या गाडीने परत जातात. म्हणजे एकाच शहराचे दोन नकाशे. एक पर्यटकांचा, एक आपला. एका नकाशातला माणूस दुसऱ्यात पाऊल टाकत नाही.

मित्रांनो, हे दोन नकाशे वेगळे राहता कामा नयेत. कारण या शहरात साधं पर्यटक म्हणून फिरणं हासुद्धा आपल्यासाठी लढ्याचा विषय होता. हे खुद्द बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय.

१९३४ ची सहल

'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे बाबासाहेबांचं छोटेखानी आत्मकथन त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालं नाही. त्यात दौलताबादचा प्रसंग आहे. चळवळीतल्या सहकाऱ्यांना कुठेतरी फिरून यावंसं वाटत होतं. बाबासाहेब सोबत येणार असतील तर जाऊ, असं ठरलं. काहीही झालं तरी वेरूळच्या बौद्ध लेण्या बघायच्याच, हा बेत पक्का होता. सुमारे तीस माणसं, भाड्याच्या बस आणि मोटारी. नाशिकहून निघाले, येवल्यामार्गे निजामाच्या हद्दीत शिरले.

आता हा तपशील नीट बघा. दौऱ्याची वाच्यता मुद्दाम केली नव्हती. अस्पृश्य प्रवाशाला आडवळणाच्या मुलखात ज्या अडचणी येतात त्या टाळण्यासाठी ओळख लपवून प्रवास करायचा होता. मुक्कामाच्या ठिकाणच्या आपल्या लोकांनाच तेवढं कळवलं होतं. तोवर बाबासाहेब कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेऊन आले होते, बॅरिस्टर होते, गोलमेज परिषदेत ब्रिटिश पंतप्रधानांसमोर बोलून आले होते. महाडचा सत्याग्रह होऊन सात वर्षं झाली होती. आणि तरी आपल्याच देशातला एक किल्ला बघायला जाताना नाव झाकून जावं लागत होतं.

दौलताबादच्या वेशीवर आपली माणसं चहा घेऊन थांबली होती. चहाची तल्लफ होती, पण अंधार पडायच्या आत किल्ला बघायचा म्हणून मंडळी पुढे गेली. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेला छोटा हौद, भोवती फरसबंदी. अंगावर रस्त्याची धूळ. काहींनी फारसा विचार न करता त्या पाण्याने हातपाय-तोंड धुतलं. मग दरवाजातून आत गेले. इतक्यात मागून पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की या धेडांनी हौद बाटवला. रमजानचा महिना होता. बघता बघता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली, स्थानिक महारांनाही धमक्या मिळू लागल्या.

बाबासाहेबांनी उलट विचारलं की तुमचा धर्म हेच शिकवतो का, आणि उद्या हाच अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला या हौदाचं पाणी नाकाराल का? जमाव गप्प झाला. शेवटी पहारेकऱ्याने आत जाऊन परवानगी आणली, पण अट घालून. किल्ला बघा, मात्र आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. त्यावर लक्ष ठेवायला एक हत्यारबंद शिपाई सोबत दिला.

या प्रसंगाचा गैरवापर होऊ देऊ नका

आजकाल हा प्रसंग व्हॉट्सॲपवर फिरतो. बघा, मुसलमानांनी बाबासाहेबांना पाणी नाकारलं, एवढं सांगून संदेश संपतो. पाठवणारा बहुतेक वेळा तोच असतो ज्याला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची तारीख माहीत नसते.

मग उत्तर म्हणून काही आपली माणसं हा प्रसंगच दाबून टाकतात. एकीला तडा जाईल, अशी भीती वाटते. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

बाबासाहेबांनी हा प्रसंग सुटा लिहिलेला नाही. त्याच लिखाणात १९०१ चा मसूर स्टेशनवरचा प्रसंग आहे. लहानगा भीमराव आणि भावंडं, महाराची पोरं म्हणून बैलगाडी मिळेना, शेवटी दुप्पट भाडं देऊन आणि गाडी स्वतः हाकून जावं लागलं. बडोद्याची पारशी धर्मशाळा आहे. १९२९ चं चाळीसगाव आहे. सरकारी चौकशी समितीचे सदस्य असलेल्या बाबासाहेबांना टांगेवाल्याने टांगा दिला, पण महाराला बसवून स्वतः हाकणार नाही म्हणाला. हाकायचा सराव नसलेला आपलाच माणूस पुढे बसला, पुलावर टांगा उलटला, बाबासाहेबांचा पाय मोडला.

बैलगाडी, टांगा, धर्मशाळा, हौद. या यादीतली प्रत्येक गोष्ट प्रवासाची आहे. पर्यटनाच्या इतिहासात रेल्वे कधी आली, डाकबंगले कधी बांधले, हे लिहितात. गाडी असूनही कोणाला बसता येत नव्हतं, हे लिहीत नाहीत. बाबासाहेबांचा मुद्दा स्वच्छ होता. जात ही हिंदू धर्मात जन्मली, पण तिथेच थांबली नाही. या देशातल्या पारशालाही ती लागली, मुसलमानालाही लागली. जो हिंदूला अस्पृश्य तो सगळ्यांनाच अस्पृश्य. रोगाचं मूळ लपवून फक्त संसर्ग झालेल्याकडे बोट दाखवणारा माणूस बाबासाहेब वाचत नाही, वापरतो.

आणि हेही विसरू नका. ही मंडळी ज्या येवल्यावरून गेली, त्याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी घोषणा केली की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. सहल आणि घोषणा यांत फार अंतर नाही.

गुलामाने वसवलेलं शहर

आता शहरात येऊ. या शहराचा पाया १६१० मध्ये मलिक अंबरने घातला. तेव्हा याचं नाव खडकी. मलिक अंबर कोण? आफ्रिकेतल्या हबशी मुलखात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, बाजारातून बाजारात हस्तांतरित होत दख्खनेत पोचलेला गुलाम. तोच पुढे निजामशाहीचा वजीर झाला आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत मोगलांना त्याने दख्खन सुखाने पचू दिली नाही. पुढे औरंगजेब सुभेदार म्हणून आला आणि १६५३ मध्ये शहराला त्याचं नाव मिळालं. पर्यटक औरंगजेबाचं नाव घेत फिरतात. शहर वसवणारा माणूस गाइडच्या बोलण्यात एका वाक्यात उरकतो.

मलिक अंबरचं खरं स्मारक जमिनीखाली आहे. नहर-ए-अंबरी. उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याचं भूजल भुयारी कालव्याने, केवळ उताराच्या जोरावर, शहरात आणलं. कोरड्या खडकाळ पठारावर शहर टिकलं ते या पाण्यामुळे. पाणचक्की बघून आपण वा म्हणतो. तीही पुढच्या काळात अशाच आणलेल्या पाण्याच्या जोरावर फिरली.

इथे एक प्रश्न उभा राहतो. याच भूमीत विकत घेतलेला गुलाम वजीर झाला, राजधानी वसवून गेला. तीनशे वर्षांनी तिथून पंधरा किलोमीटरवर एका बॅरिस्टरच्या सोबत्यांनी हौदात हात घातला तर हौद बाटला. हे कसं? गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना बाबासाहेबांनी सविस्तर केली आहे. गुलामीतून सुटण्याचा रस्ता असू शकतो. धन्याला गुलामाच्या जगण्यात, शिकण्यात निदान स्वतःचा फायदा दिसतो. अस्पृश्यतेला बाहेर पडायचं दारच नाही आणि अस्पृश्य जगला काय, मेला काय, कोणाचं काही बिघडत नाही. ही तुलना पुस्तकात वाचून समजते. या शहरात ती डोळ्यांना दिसते.

मलिक अंबरने बांधलेल्या भडकल गेटजवळ आज बाबासाहेबांचा पुतळा आहे. १४ एप्रिलला तिथे पाय ठेवायला जागा नसते. पुढच्या वेळी गेलात तर पुतळ्याला वंदन करून मागे वळा आणि त्या दरवाजाकडेही बघा. दोघं शेजारी आहेत.

वेरूळचा 'महारवाडा'

वेरूळला ३४ लेण्या. पहिल्या १२ बौद्ध, मग १७ हिंदू, शेवटच्या ५ जैन. पर्यटकांची गाडी थेट १६ नंबरच्या कैलासासमोर थांबते. गर्दी तिथेच असते. दक्षिणेच्या टोकाकडे, १ ते १२ कडे, पायी चालत जावं लागतं.

तिथे ५ नंबरच्या लेणीत जा. लांबच लांब दालन, मधोमध दोन बुटके दगडी ओटे. भिक्खू समोरासमोर बसून पठण करत असतील, अभ्यास करत असतील. या लेणीचं लोकांच्या तोंडचं नाव आहे 'महारवाडा'. पावसाळ्यात गावचे महार इथे आसऱ्याला येत म्हणून ते पडलं, असं सांगतात. इंग्रज पुरातत्त्ववाल्यांच्या जुन्या पुस्तकांत या टोकाच्या बौद्ध लेण्यांच्या समूहालाच 'धेडवाडा' म्हटलंय.

एकदा तालुक्याच्या गावांतून आलेल्या पोरांना घेऊन मी तिथे उभा होतो. शेजारच्या टोळक्याचा गाइड हे नाव सांगून हसला, टोळकंही हसलं. आमची पोरं गप्प झाली. मी म्हटलं, खाली बघू नका, वर बघा. ज्या नावाने तुम्हाला हिणवलं गेलं ते नाव ज्या वास्तूला चिकटवलं, ती विद्येची वास्तू आहे. विहार ओस पडला, भिक्खू गेले, आणि गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवलं त्यांना पावसात छप्पर दिलं ते बुद्धाच्या लेणीने. दौलताबादला जी शिवी ऐकून ती तीस माणसं पुढे निघाली, तेच शब्द या लेण्यांनाही चिकटलेले होते. बाबासाहेबांनी धम्माची दीक्षा घेतली ती त्यानंतर २२ वर्षांनी.

हौदाचं उत्तर: नागसेनवन

हौद बाटवल्याचा आरोप झाला त्याच मुलखात बाबासाहेब परत आले ते कॉलेज काढायला. मराठवाड्यातल्या मुलाला पदवी घ्यायची तर हैदराबादची वाट धरावी लागे, तो काळ. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झालं आणि १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे महाविद्यालय सुरू केलं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. कॉलेजला नाव मिळालं प्रश्न विचारणाऱ्या ग्रीक राजा मिलिंदाचं आणि परिसराला उत्तर देणाऱ्या भिक्खू नागसेनाचं. ज्या समाजाला प्रश्न विचारायची सोय नव्हती त्याच्या मुलांना असं नाव देणं, यातच अर्धं शिक्षण आलं. इथल्याच मातीतून गंगाधर पानतावणेंचं 'अस्मितादर्श' निघालं, लिहिती पिढी उभी राहिली.

आणि शेजारीच ते गेट. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यातले आपले वाडे पेटले. पोचिराम कांबळे गेले. १९७९ चा लाँग मार्च झाला. १९९३ मध्ये गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं, तेही 'मराठवाडा' शब्द ठेवून, म्हणून नामविस्तार. साडेपंधरा वर्षं. या शहरात एक पाटी किती महाग असू शकते, हे त्या गेटखालून जाताना आठवा.

तर मग कसं फिरायचं?

दोन दिवस काढा. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, हे आधी बघून ठेवा. एप्रिल-मेमध्ये दहानंतर दगड तापतो, म्हणून पहाटेच बुद्ध लेण्यांवर चढा. तिथे ३ नंबरच्या लेणीत बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेली स्त्री-पुरुषांची रांग आहे. त्यांचे चेहरे, केस, दागिने निवांत बघा. ७ नंबरच्या लेणीत अवलोकितेश्वराभोवती प्रवाशांची आठ संकटं कोरली आहेत. आग, दरोडेखोर, साप, हत्ती, बुडणारं जहाज... तिथे उभं राहून दौलताबादचा प्रसंग मोठ्याने वाचा. तहानलेल्या प्रवाशाला पाणी नाकारणारा माणूस, हे नववं संकट कोणी कोरलेलं नाही. ते बाबासाहेबांनी लिहिलं.

उतरल्यावर मकबरा जरूर बघा, तोही आपलाच वारसा आहे. तिथून शेअर रिक्षाने, नाहीतर पायी, विद्यापीठ गेट, नागसेनवन, पाणचक्की, भडकल गेट. सगळं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहे. दुसरा दिवस दौलताबाद आणि वेरूळला द्या. वेरूळला १ नंबरपासून सुरुवात करा, कैलास शेवटी. जमल्यास वाटेत खुलताबादला मलिक अंबरच्या कबरीपाशी थांबा.

आणि दौलताबादच्या दरवाजात पोचलात की बाटली काढा, सगळ्यांनी मिळून पाणी प्या. नाव लपवू नका. आज तिकिटाच्या खिडकीवर कोणी जात विचारत नाही, ही कोणाची मेहेरबानी नाही. ते तिकीट आधीच कोणीतरी भरून ठेवलंय.

जय भीम!