पाळक कोणाचा? कोल्हापूरच्या मंडळीचा एक जुना प्रश्न

कोल्हापुरातल्या प्रोटेस्टंट मंडळीचा इतिहास सहसा रॉयल गूल्ड वाइल्डर यांच्यापासून सांगतात. १८५२ मध्ये अहमदनगरहून येऊन त्यांनी इथे काम सुरू केले, आणि शहरातल्या वाइल्डर मेमोरियल चर्चला आजही त्यांचेच नाव आहे. पण मंडळी नवी कशाने होते, हे शोधायचे तर संस्थापकापेक्षा त्याच्यानंतरच्या व्यवस्थेकडे पाहावे लागते. वाइल्डर ज्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे होते, तिचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये पश्चिम भारतात आले. मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण उचलावा आणि सुवार्ताही आपणच पसरवावी, असे त्यांचे सूत्र होते. म्हणून शाळांवर, विशेषतः इंग्रजी शाळांवर पैसा घालण्यापेक्षा देशी पाळक उभे करा, असा त्यांचा आग्रह. वाइल्डरांना शाळा प्राणाहून प्रिय. मतभेद विकोपाला गेले, बोर्डाने कोल्हापूरचे काम सोडले, आणि १८६१ मध्ये वाइल्डर कोणत्याही बोर्डाच्या पाठबळाविना परत आले.

या वादात दोघांचेही अर्धेच बरोबर होते, असे मला वाटते. शाळाच नसेल तर शास्त्र वाचणारे, हिशेब ठेवणारे, सभेत उभे राहून बोलणारे वडील कुठून येणार? पण वाइल्डरांचे कोल्हापूरचे काम त्यांच्या एकट्याच्या जिवावर चालले होते, आणि असे काम त्या माणसाच्या प्रकृतीइतकेच टिकते. हे ओळखून १८७० मध्ये त्यांनी ते प्रेस्बिटेरियन बोर्डाच्या स्वाधीन केले. उभारलेले काम हयातीतच दुसऱ्याला देणे ही मला त्यांची सर्वांत मोठी सेवा वाटते. पुढे त्याच मिशनचे काम कोडोली, सांगली, मिरजेपर्यंत पोचले. तरीही सूत्रे एका परदेशी बोर्डाकडून दुसऱ्या परदेशी बोर्डाकडेच गेली. पाळक मराठी असला, तरी त्याचे वेतन मिशन देत असेल तोवर तो मंडळीला कितपत उत्तरदायी राहणार?

यावर कोणी म्हणेल की मंडळी गरीब होती, बरीच कुटुंबे दलित समाजातली, पाळक पोसणे त्यांना झेपले नसते. गरिबी खरीच होती. पण पात्रतेचा अभाव होता, हे मात्र पटत नाही. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना अहमदनगरात १८५४ मध्येच पाळकपदाची दीक्षा मिळाली होती. पुढे साताऱ्यात ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनपासून वेगळे होऊन 'देवाचा दरबार' उभारला. स्वतंत्रपणे उभे राहण्याची ओढ या मातीत होतीच. दुसरा आक्षेप गटबाजीचा: निवड मंडळीच्या हाती दिली की भाऊबंदकी शिरते. शिरते, नाकारत नाही. पण वरून नेमलेल्या माणसाविरुद्धही गट पडतातच, फक्त ते सभेत न बोलता घराघरांत कुजबुजतात. प्रेस्बिटेरियन पद्धतीत मंडळीने निवडलेले वडील पाळकाबरोबर बसून कारभार पाहतात, त्यामुळे भांडण निदान समोरासमोर होते.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. कोल्हापूर तिचा एक धर्मप्रांत आहे. ज्या परंपरेत बिशप नव्हता, तिथे बिशप आला. एकी मोलाची होती, पण पाळकाच्या बदलीचा आणि नेमणुकीचा निर्णय धर्मप्रांताच्या पातळीवर होऊ लागला की वडिलांचे मत केवळ सल्ला ठरण्याचा धोका असतो. अशा वेळी नव्या पाळकाचे स्वागत करणाऱ्या मंडळीने त्याच सभेत त्याच्या वेतनाचा आपला वाटा ठरवावा आणि त्याच्या नेमणुकीत आपले मत विचारले गेले होते का, हेही विचारावे.